उभ्या शिळांचा उत्सव

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीच्या उत्तरेस सुमारे सहाशे किलोमीटरवर, ग्लेन इनेस नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या या गावाची लोकवस्ती सहा हजारांच्या आसपास आहे. मेंढ्या, गुरे आणि शेती हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. हिवाळ्यात येथे कडाक्याची थंडी पडते. गावाच्या नावातील ‘ग्लेन’ हा शब्द गेलिक भाषेतला. त्याचा अर्थ दरी किंवा खोरे. ‘इनेस’ हे मेजर आर्चिबाल्ड क्लून्स इनेस या स्कॉटिश जमीनदाराचे आडनाव. एरवी नकाशावर सहज नजरेआड व्हावे असे हे गाव दर वर्षी मे महिन्याच्या आरंभी गजबजून जाते. रस्त्यावरून बॅगपाइपची पथके वाजत निघतात, कुळाकुळांचे ध्वज फडकतात, चौकटीचे झगे नेसलेले पुरुष मिरवणुकीत चालतात, पोरीबाळी ठेका धरून नाचतात, बलदंड गडी ताकदीचे खेळ करून दाखवतात. या सोहळ्याला ‘ऑस्ट्रेलियन केल्टिक फेस्टिव्हल’ असे म्हणतात. पहिला उत्सव १९९२ साली झाला.

युरोपच्या वायव्य टोकावरील जुन्या लोकांचा उत्सव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला का साजरा व्हावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर शोधताना इतिहासाची बरीच पाने उलटावी लागतात, आणि त्यांतील काही पाने आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाचीही आहेत. त्यामुळेच या विषयाकडे आमचे लक्ष वेधले गेले.

‘केल्टिक’ ही मूलतः एका भाषाकुळाची ओळख आहे. आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन या बेटावरील भाषांची एक शाखा. वेल्स, कॉर्नवॉल आणि फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातील भाषांची दुसरी. या सहा प्रदेशांना आज केल्टिक राष्ट्रे म्हणतात. ग्लेन इनेसच्या उत्सवात दर वर्षी यांपैकी एखाद्याला किंवा काहींना आळीपाळीने मुख्य मान दिला जातो. या सहाही प्रदेशांच्या इतिहासाला एक समान दुःख आहे. त्यांच्या भाषा त्यांच्याच भूमीत परक्या ठरवल्या गेल्या.

कॉर्नवॉलचे उदाहरण घ्या. १५४९ साली इंग्लंडच्या राजसत्तेने लॅटिन मिस्सा बंद करून सर्वत्र इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे केले. कॉर्नवॉल आणि शेजारच्या डेव्हनमधील लोकांनी त्याविरुद्ध बंड पुकारले. आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी कळतच नाही, असे कॉर्नवॉलच्या बंडखोरांनी आपल्या मागण्यांत स्पष्ट म्हटले होते. बंड निर्घृणपणे मोडून काढण्यात आले. हजारो माणसे मारली गेली आणि त्यानंतर कॉर्निश भाषेला जी उतरती कळा लागली, ती थांबली नाही. वेल्समध्ये मात्र वेगळे घडले. तेथे १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि देवळात रविवारमागून रविवार वाचली जाणारी वेल्श भाषा घरातही टिकून राहिली. एका भाषेचा श्वास उपासनेतून हिरावला गेला, तर दुसरीला उपासनेनेच श्वास दिला.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडर लोकांचा पराभव झाला. त्याच वर्षी कायदा करून त्यांचा पारंपरिक पोशाख निषिद्ध ठरवण्यात आला. ती बंदी १७८२ मध्ये उठली. तोवर एक पिढी सरली होती. त्यानंतर जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना खोऱ्यांतून हुसकावले आणि गावेच्या गावे ओस पडली. ब्रिटनीतील शाळांत मातृभाषेचा शब्द तोंडून निघाला की मुलाच्या हाती किंवा गळ्यात अपमानाची खूण दिली जाई. आइल ऑफ मॅनवरील मँक्स भाषा जन्मापासून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. आता त्या बेटावरील एका प्राथमिक शाळेत मुले पुन्हा त्या भाषेतून शिकतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आयर्लंडचे दुःख कॅथॉलिक वाचकांना अधिक परिचित असेल. दंडकायद्यांच्या काळात तेथील कॅथॉलिकांना जमीन, शिक्षण आणि सरकारी अधिकारपद यांपासून दूर ठेवण्यात आले. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी दगावली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली.

देश सोडणाऱ्यांच्या वाटेवर ऑस्ट्रेलिया होता. काही स्वखुशीने आले, काही भुकेने, काही बेड्यांत. आयर्लंडहून थेट कैदी घेऊन येणारे ‘क्वीन’ हे पहिले जहाज १७९१ साली सिडनीस पोहोचले. पुढे सुमारे चाळीस हजार कैदी आयर्लंडहून या भूमीवर आणले गेले. १८४८ ते १८५० या काळात आयर्लंडच्या अनाथगृहवजा श्रमगृहांतून चार हजारांवर पोरक्या मुली जहाजात बसवून पाठवण्यात आल्या. १८५२ नंतरच्या पाच-सहा वर्षांत स्कॉटलंडच्या हायलँड भागातून आणि बेटांवरून सुमारे पाच हजार लोक एका स्थलांतर-संस्थेच्या मदतीने आले. कॉर्नवॉलचे खाणकामगार कथील आणि तांब्याच्या शोधात आले.

या लोकांनी बरोबर काय आणले? सामान फारसे नव्हतेच. श्रद्धा मात्र होती. आरंभीच्या वसाहतीत कॅथॉलिक धर्मगुरूंना अधिकृत स्थान नव्हते. कैदी म्हणून आलेल्या फादर जेम्स डिक्सन यांना १८०३ साली गव्हर्नर किंग यांनी परवानगी दिली आणि त्या वर्षी १५ मे रोजी सिडनीत उघडपणे पहिला मिस्सा झाला. पुढच्याच वर्षी कॅसल हिल येथे आयरिश कैद्यांनी उठाव केला आणि ती परवानगी काढून घेण्यात आली. १८१७ साली फादर जेरेमाया ओफ्लिन विनापरवाना आले. काही महिन्यांतच त्यांना परत पाठवण्यात आले. जाताना त्यांनी एका घरी पवित्र परमप्रसाद ठेवला आणि धर्मगुरूविना राहिलेले भाविक त्यापुढे एकत्र जमून प्रार्थना करीत, अशी परंपरा तेथील ख्रिस्तसभेत आजही आदराने सांगितली जाते. अधिकृत चॅप्लेन म्हणून फादर जॉन जोसेफ थेरी आणि फादर फिलिप कॉनली १८२० मध्ये पोहोचले. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत मेरी मॅकिलॉप याच स्थलांतरितांच्या कन्या. त्यांचे आईवडील स्कॉटलंडच्या हायलँड भागातले कॅथॉलिक. १८४२ साली मेलबर्नमध्ये जन्मलेल्या मेरीने १८६६ मध्ये फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांच्यासह गोरगरिबांच्या मुलांसाठी धर्मभगिनींचा संघ उभारला. १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

येथे एका व्यक्तीचा उल्लेख करणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८१० ते १८२१ या काळात न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर असलेले लॅकलन मॅक्वारी हे स्कॉटलंडच्या अल्वा बेटावर जन्मलेले, गेलिक संस्कारांत वाढलेले गृहस्थ. लष्करी अधिकारी म्हणून ते १७८८ साली मुंबईस आले. १७९३ मध्ये जेन जार्व्हिस हिच्याशी त्यांचा विवाह मुंबईतच झाला. ती तरुण वयात मकाव येथे निवर्तली, तेव्हा त्यांनी तिचा देह मुंबईस आणून येथे दफन केला. पुढे गव्हर्नर झाल्यावर १८१० साली संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी त्यांनी सरकारी कामावरील कैद्यांना मेजवानी दिली, आणि २९ ऑक्टोबर १८२१ रोजी, स्वतः प्रॉटेस्टंट असूनही, सिडनीतील सेंट मेरीज या कॅथॉलिक मंदिराची कोनशिला बसवली. हा त्यांचा उजळ भाग. परंतु याच मॅक्वारींनी १८१६ साली मूळ रहिवाशांवर सैनिकी तुकड्या धाडल्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये ॲपिन येथे पुरुष, स्त्रिया व मुले मारली गेली. काही जण गोळीबाराने, तर काही भयाने कड्यावरून पडून. ज्या गावाजवळ हे घडले त्याचे नाव स्कॉटलंडमधील एका ठिकाणावरून ठेवलेले होते, ही विसंगती मनाला बोचते.

आता ग्लेन इनेसकडे परत येऊ. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षे झाली. त्या सुमारास केल्टिक कौन्सिल ऑफ ऑस्ट्रेलिया या संस्थेने, देशाच्या जडणघडणीत केल्टिक लोकांनी दिलेल्या वाट्याचे एक राष्ट्रीय स्मारक व्हावे, अशी कल्पना मांडली. ग्लेन इनेसच्या नागरिकांनी ती उचलून धरली व स्मारकाचा मान त्यांच्या गावाला मिळाला. ते दिवस ग्रामीण ऑस्ट्रेलियाला कठीण होते. लोकरीला हमीभाव देणारी योजना फेब्रुवारी १९९१ मध्ये कोसळली होती आणि मेंढपाळ हवालदिल झाले होते. अशा वेळी गावाने देणग्या जमवल्या आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर काम तडीस नेले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरचे ब्रॉडगरचे शिळावर्तुळ डोळ्यांपुढे ठेवून, आसपासच्या परिसरातून ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळा आणण्यात आल्या. हव्या त्या आकाराच्या शिळा निसर्गतः फार थोड्या सापडल्या. बहुतेक मोठ्या खडकांतून फोडून काढाव्या लागल्या. सरासरी सतरा टन वजनाची एकेक शिळा जमिनीत रोवून उभी केली गेली. १ फेब्रुवारी १९९२ रोजी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर पीटर सिंक्लेअर यांच्या हस्ते या ‘ऑस्ट्रेलियन स्टँडिंग स्टोन्स’चे उद्‌घाटन झाले.

या रचनेत चोवीस शिळांचे वर्तुळ दिवसाचे चोवीस तास दर्शवते. चार शिळा चार मुख्य दिशा दाखवतात. आणखी काही शिळा अशा बसवल्या आहेत की उन्हाळी व हिवाळी अयनदिनांना सूर्य कोठे उगवतो व मावळतो ते त्यांवरून कळावे. मूळ नमुना युरोपातील असला तरी हे गणित मात्र दक्षिण गोलार्धासाठी नव्याने करावे लागले, कारण तेथे वर्षातला सर्वांत मोठा दिवस डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर येतो. वर्तुळाच्या मध्यभागी तीन शिळा आहेत. एक आयर्लंड, स्कॉटलंड व आइल ऑफ मॅन यांची. दुसरी वेल्स, कॉर्नवॉल व ब्रिटनी यांची. आणि तिसरी, ‘ऑस्ट्रालिस’, सर्व ऑस्ट्रेलियन जनतेची.

चिकित्सक इतिहासकार या उत्सवाकडे पाहून मिस्कीलपणे हसेल. तो म्हणेल, ब्रॉडगरचे वर्तुळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे; बहुतेक अभ्यासकांच्या मते त्या बेटांवर केल्टिक भाषा पोहोचण्याच्या पुष्कळ आधीचे. प्रत्येक कुळाचा ठरावीक चौकटीचा पोशाख ही प्रथादेखील बरीचशी एकोणिसाव्या शतकात रुजलेली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी जो थाटमाट घडवून आणला त्याचा तिला मोठा हातभार लागला. हे सर्व खरे आहे. तरीही आम्हांस वाटते की, केवळ त्यामुळे या उत्सवाला खोटे ठरवणे न्यायाचे होणार नाही. ज्याची भाषा गेली, घर गेले, पूर्वजांची थडगी समुद्रापलीकडे राहिली, तो माणूस जे हाती लागेल त्याने स्मृतीची वात पेटती ठेवतो. वस्त्र नवे असेल, परंतु ज्या अंगावर ते ल्यायले जाते त्या अंगावरचे वण जुने आहेत.

आमच्या मनातील प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ग्लेन इनेसची भूमी ओसाड नव्हती. मेंढ्यांचे कळप येथे येण्यापूर्वी हजारो वर्षे हा न्गाराबल लोकांचा मुलूख होता. १८३० च्या दशकात गोरे पशुपालक येथे आले, आणि ज्या लोकांना मायदेशी मेंढ्यांसाठी हुसकावले गेले होते, त्यांच्याच भाऊबंदांनी येथे मेंढ्यांसाठी दुसऱ्यांना हुसकावले. आसपासच्या गावांची आणि डोंगरांची नावे पाहा. इन्व्हरेल, बेन लोमंड, लँगोथलिन. नावे रुजली ती आधीच्या नावांवर.

ग्लेन इनेसच्या पश्चिमेस शंभरेक किलोमीटरवर मायल क्रीक नावाचा ओढा आहे. १० जून १८३८ रोजी, रविवारी, बारा शस्त्रधारी घोडेस्वार तेथील एका पशुपालन केंद्रावर आले. त्यांच्यापैकी अकरा जण कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले होते. त्यांत आयर्लंडहून आलेलेही होते. केंद्राजवळ विरायराय जमातीची माणसे विश्वासाने मुक्काम करून होती. घोडेस्वारांनी त्यांतील सुमारे अठ्ठावीस जणांना, मुख्यत्वे स्त्रिया, मुले व वृद्ध यांना, दोराने बांधून नेले आणि ठार केले. नंतर प्रेते जाळण्यात आली. जॉर्ज अँडरसन नावाचा एक कैदी झोपडीची राखण करीत असे. त्याने या कृत्यात सामील होण्यास नकार दिला, आणि पुढे न्यायालयात निर्भयपणे साक्षही दिली.

अशा घटना तेव्हा विरळा नव्हत्या. विरळा होता तो खटला. गव्हर्नर गिप्स यांच्या कारकिर्दीत तो उभा राहिला आणि सरकारची बाजू मांडली ॲटर्नी जनरल जॉन ह्युबर्ट प्लंकेट यांनी. प्लंकेट हे आयर्लंडच्या रॉसकॉमनचे कॅथॉलिक. १८२९ च्या कायद्याने कॅथॉलिकांवरची बंधने उठली नसती, तर या पदाचा त्यांना विचारही करता आला नसता. त्यांच्या मदतीस होते रॉजर थेरी, तेही आयरिश कॅथॉलिक. जमीनदारांनी आरोपींच्या बचावासाठी पैसा उभा केला होता. वृत्तपत्रांतून सरकारवर टीका होत होती. पहिल्या खटल्यात ज्यूरीने अकराही आरोपींना थोड्याच वेळात निर्दोष सोडले. प्लंकेट थांबले नाहीत. एका बालकाच्या खुनाच्या आरोपावरून सात जणांवर त्यांनी दुसरा खटला भरला. या वेळी दोषनिश्चिती झाली आणि १८ डिसेंबर १८३८ रोजी सातही जणांना फाशी देण्यात आली. उरलेल्या चौघांना सोडून द्यावे लागले. टोळीचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग, जो एकटाच कैदी वर्गातला नव्हता, तो कधीच सापडला नाही.

एकाच घटनेत मारणाऱ्यांमध्येही आयरिश आणि न्याय मागणाऱ्यांमध्येही आयरिश. दोघांच्या पाठीशी छळाचा तोच इतिहास होता. छळ सोसल्याने मनुष्य आपोआप दयाळू होत नाही, हे येथे दिसते. प्लंकेट यांनी आपल्या समाजाच्या सोसलेल्या अन्यायातून दुसऱ्याचा अन्याय ओळखायला शिकून घेतले. इतरांनी तसे केले नाही.

मायल क्रीकची स्मृती दीर्घकाळ दबलेली राहिली. अखेर १० जून २००० रोजी त्या जागेवर स्मारकाचे उद्‌घाटन झाले. तेथेही ग्रॅनाइटचीच एक मोठी शिळा आहे. तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर ठिकठिकाणी लहान शिळांवर त्या दिवसाची हकीकत लिहिलेली आहे. मारले गेलेल्यांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज तेथे एकमेकांना भेटले, त्यांनी एकमेकांपुढे मन मोकळे केले. दर वर्षी जून महिन्यात तेथे लोक स्मरणासाठी जमतात. २००८ साली या जागेचा समावेश राष्ट्रीय वारसा सूचीत करण्यात आला.

अशा रीतीने एकाच पठारी मुलखात, जेमतेम महिन्याच्या अंतराने, दोन मेळावे भरतात. मे महिन्यात उभ्या शिळांपाशी बॅगपाइप वाजतात. जूनमध्ये ओढ्याकाठच्या टेकडीवर मृतांचे स्मरण होते. पहिल्या मेळाव्यात आपल्या पूर्वजांनी काय सोसले ते आठवले जाते. दुसऱ्यात आपल्या पूर्वजांनी दुसऱ्यांना काय सोसायला लावले ते आठवावे लागते. पहिले सोपे आहे, कारण त्यात अभिमान आहे. दुसरे कठीण, कारण त्यात पश्चात्ताप आहे. परंतु आपण ख्रिस्ती लोक मिस्साबलीत स्तुतिगीत गाण्याआधी पापकबुली देतो, हा क्रम काही उगाच ठरलेला नाही.

प्राचीन आयरिश धर्मगुरूंनी पश्चात्तापाला फार मोठे स्थान दिले होते. संत कोलंबा ५६३ साली आयर्लंड सोडून स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेले. आपल्यामुळे झालेल्या एका लढाईतील प्राणहानीचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मातृभूमीचा त्याग केला, असे परंपरा सांगते. त्यांच्या आयोना मठातून सुवार्ता उत्तर ब्रिटनभर पसरली. केल्टिक वारशातले हे धन झगे आणि झेंडे यांहून मौल्यवान आहे, आणि ग्लेन इनेसला त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

शिळावर्तुळाच्या मध्यावरची ती तिसरी शिळा ‘सर्व ऑस्ट्रेलियन जनतेची’ म्हणून उभी केली गेली आहे. या ‘सर्व’ शब्दात न्गाराबलांचे आणि विरायरायांचे स्थान अतिथीचे नसून घरधन्याचे आहे, हे ज्या प्रमाणात उत्सवाला येणाऱ्यांच्या मनावर ठसेल, त्या प्रमाणात ती शिळा आपल्या नावाला जागेल. ग्लेन इनेसचा उत्सव बंद व्हावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भाषा आणि घर गमावलेल्यांनी वर्षातून एकदा एकत्र येऊन गावे, नाचावे, यात गैर काय? मात्र मे महिन्यात शिळांपाशी नाचलेल्या कुटुंबांनी जूनमध्ये मायल क्रीकची वाटही चालावी, मुलाबाळांना बरोबर घेऊन चालावी, आणि वाटेवरच्या प्रत्येक शिळेवरचा मजकूर त्यांना वाचून दाखवावा.